झोन दोन, लेन सात

मुलींची ४×१०० मीटर रिले, अंतिम फेरी. पंच म्हणून माझी ड्युटी दुसऱ्या एक्सचेंज झोनवर, म्हणजे बॅटन ज्या पट्ट्याच्या आत एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायला हवी तिथे; लेन पाच ते आठ, झोनमधून बाहेर पडण्याची रेषा. पलीकडची सरळ बाजू संपून दुसरं वळण सुरू होतं ती ही जागा. प्रेक्षक सगळे समोरच्या स्टँडमध्ये, त्यामुळे इथे बऱ्यापैकी शांत असतं आणि मुलींचे चेहरे जवळून दिसतात.

स्पर्धा इंटरनॅशनल चिल्ड्रन्स गेम्सची. वय १२ ते १५. इथे मुलं देशाकडून नाही, शहराकडून खेळतात. स्लोव्हेनियातल्या त्सेल्ये या शहरात मेतोद क्लेमेंत्स या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने १९६८ मध्ये याची सुरुवात केली, तेव्हा तो भाग युगोस्लाव्हियात होता. पुढे डेगू, कॉव्हेंट्री अशी शहरं यजमान झाली. शहराचा संघ म्हटला की रिलेत काय होतं, हे पंचांना चांगलं ठाऊक असतं. चार धावपटू एकाच क्लबचे असतीलच असं नाही. एखादी लांब उडीवाली असते, एखादी ८०० मीटरवाली, आणि चौघींनी एकत्र बॅटन दिली-घेतलेली असते ती जेमतेम दोन-चार आठवडे.

शर्यतीआधीचं आमचं काम दिसायला साधं आहे. प्रत्येक मुलगी आपल्या लेनमध्ये, आपल्या झोनच्या आत उभी आहे ना, हे बघायचं. तिने लावलेली खुणेची चिकटपट्टी एकच आहे ना, ५ सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही ना, आणि तिच्याच लेनमध्ये आहे ना, तेही बघायचं. मग पांढरा झेंडा वर करायचा. सगळ्या झोनचे पांढरे झेंडे दिसल्याशिवाय स्टार्टर पुढे जात नाही.

पाच, सहा आणि आठ ठीक होत्या. सातमधली मुलगी झोन जिथे सुरू होतो त्या पिवळ्या रेषेच्या चांगली १० मीटर मागे उभी होती. झोनच्या बाहेर.

ही चूक मी आपल्याकडे जिल्हा पातळीवर, फक्कीने आखलेल्या मैदानांवर अनेकदा पाहिली आहे, म्हणून लगेच लक्षात आलं. पूर्वी एक्सचेंज झोन २० मीटरचा असे आणि त्याच्या मागे १० मीटरचा वेग घेण्याचा टप्पा असे. घेणाऱ्याने त्या मागच्या टप्प्यापासून पळायला सुरुवात केली तरी चालायचं, बॅटन मात्र २० मीटरच्या आतच मिळायला हवी. २०१८-१९ च्या नियमपुस्तकापासून ४×१०० साठी हे दोन्ही एकत्र करून ३० मीटरचा एकच झोन केला. म्हणजे आजची पिवळी रेषा तिथेच आहे जिथे पूर्वी मागच्या टप्प्याची खूण असायची. पण ज्या शिक्षकाच्या डोक्यात ‘रेषेच्या मागे १० मीटर’ पक्कं बसलंय, तो नव्या ट्रॅकवरही रेषेपासून १० मीटर मागे चालत जातो. तिथून पळायला सुरुवात केली की संघ बाद. बॅटन कितीही सुंदर बदलली तरी.

मी हाताने खूण करून तिला पुढे, रेषेच्या आत आणलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण रेषेकडे बोट दाखवल्यावर तिला कळलं. खरी अडचण त्यानंतर होती. ती १० मीटर पुढे आली, तिची पट्टी मात्र मागेच राहिली.

पट्टीचं गणित असं. घेणारी मुलगी आपल्या जागेपासून मागे, टाचेला चवडा लावत पावलं मोजते आणि तिथे पट्टी चिकटवते. येणारी मुलगी पट्टीवर पोचली की हिने सुसाट सुटायचं, मागे वळून बघायचं नाही. या वयात १५ ते २० पावलं सर्रास दिसतात, म्हणजे साधारण ४ ते ५ मीटर. सातमधलीची १८ होती. आता तीच पट्टी तिच्यापासून जवळपास साडेचौदा मीटर मागे गेली होती. त्या खुणेवर ती सुटली असती तर मागून येणारी तिला झोनमध्ये गाठू शकली नसती.

पट्टी हलव असं सांगणं माझं काम नाही. तो सल्ला झाला, आणि पंचाने एका संघाला सल्ला दिला की बाकीच्या सात संघांवर अन्याय होतो. पण पट्टी तपासणं हे माझंच काम. मी तिच्या पट्टीपाशी जाऊन, इतरांची पाहिली तशीच, वाकून लांबी-रुंदी पाहिली. मान वर केली तर ती माझ्याकडे, मग पट्टीकडे, मग आपल्या पायांकडे बघत होती. धावत आली, पट्टी ओढून काढली आणि रेषेकडे गेली. टाच, चवडा, टाच, चवडा. मधेच मोजणी चुकली, परत पहिल्यापासून. बाकी सगळे पांढरे झेंडे वर होते. माझा खाली होता. स्टार्टर वाट बघत होता. झेंडा खाली ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि तो मी तिने पट्टी चिकटवून जागेवर येईपर्यंत खालीच ठेवला.

बंदूक झाल्यावर डोळे फक्त बॅटनवर. वळणावर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा लांब पडते. एक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे या झोनवर शेजारशेजारच्या लेनच्या रेषा साधारण ३.८३ मीटर पुढे-मागे येतात. पाच ते आठ या चार रेषा मिळून साडेअकरा मीटरमध्ये पसरलेल्या. एका माणसाला चारही रेषांच्या अगदी समोर उभं राहता येत नाही. मी सहा आणि सातच्या रेषांच्या मधोमध उभी होते. पाच आणि आठ तिरक्या दिसतात. तिरकं बघून शंका आली तर नियम मोडल्याचा पिवळा झेंडा उचलायचा नाही, शंकेचा फायदा धावपटूला.

सातमधली किंचित उशिरा सुटली. मागची जवळजवळ तिच्या पाठीवर आली, वेग मोडला, पण बॅटन झोनच्या बऱ्याच आत हातात आली. पांढरा.

सहामधला संघ देखणा पळत होता. घेणारीने हात मागे ताणला, देणारीने बॅटन खाली आणली, ती तळव्याऐवजी मनगटावर आपटली. दुसरा प्रयत्न. बॅटनला दोघींचे हात एकदमच लागले, आणि देणारीने सोडली तेव्हा बॅटन रेषेच्या पलीकडे साधारण एक फूट होती. घेणारीचा हात बॅटनला लागला की बदल सुरू होतो आणि बॅटन फक्त तिच्याच हातात उरली की पूर्ण होतो. पिवळा झेंडा.

कार्डावर शर्यत, लेन, झोन, बिब नंबर, काय दिसलं, मी कुठे उभी होते, आणि छोटी आकृती. रेफरीने तेच सगळं तोंडी विचारलं. थोड्या वेळाने प्रशिक्षक हरकत घेऊन आले. देणारीचे दोन्ही पाय रेषेच्या आत होते, हे त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. पण नियम पायांचा नाही, बॅटनच्या जागेचा आहे, आणि पुढे ताणलेल्या हातांमुळे बॅटन पायांच्या बरीच पुढे असते. उलटही घडतं, घेणारीचं शरीर बाहेर आणि बॅटन आत, तेव्हा प्रेक्षक ओरडतात आणि आम्ही पांढरा दाखवतो. निर्णय बदलला नाही. चौघी मुली ट्रॅकच्या कडेला एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मनगटावर बॅटन आपटलेली मुलगी मनगट चोळत होती.

मुलग्यांच्या अंतिम फेरीला पाऊण तास होता. मी चीफ अंपायरना लेन सातबद्दल सांगितलं. त्यांनी कॉल रूममधल्या, म्हणजे शर्यतीआधी खेळाडू जमतात त्या खोलीतल्या, फळ्यावर झोन काढला. दोन पिवळ्या रेषा, मध्ये ३०, पहिल्या रेषेच्या आत दोन पावलांच्या आकृती, रेषेमागच्या पावलांवर फुली. शब्द एकही नाही. सल्ला आठही संघांना एकदम, म्हणून चालतो. सातच्या शहराचे प्रशिक्षक त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढून आपल्या मुलांकडे गेले.