पाठीमागची जागा: तुम्ही विचारलेत म्हणून

पणजी आणि रायबंदर यांना जोडणाऱ्या जुन्या दगडी पुलावर, मांडवीच्या बाजूला गरवायला बसणाऱ्यांमध्ये मी गेली बरीच वर्षे उभा राहत आलो आहे. माझ्या हातातला रॉड इतरांपेक्षा वेगळा दिसत असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "तुमची ती जाड पिवळी दोरी हवेत मागेपुढे फिरते, ती कोणाला लागत नाही का? इतक्या माणसांत हे बरे आहे का?" विचारणाऱ्यांपैकी काहींना कुतूहल असते, तर शेजारी मुलाला घेऊन बसलेल्यांच्या आवाजात काळजी असते. अलीकडे माझी ही पद्धत, म्हणजे फ्लाय फिशिंग (पिसांचे हलके आमिष जड दोरीच्या जोरावर फेकून गरवणे), नव्याने शिकणारी मुले तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात, की गर्दीच्या ठिकाणी किती अंतर सोडले म्हणजे पुरे. उत्तर मी काठावर उभ्या उभ्या तुकड्या-तुकड्यांनी देत आलो आहे. येथे ते सलग देतो.

दोरी लागते. माझ्या हातून ती एकदा लागली आहे, आणि ज्याला लागली त्याची काहीही चूक नव्हती.

शिवोलीला शापोरा नदीच्या काठी, एका छोट्या धक्क्याजवळ, रविवारच्या संध्याकाळी मी फ्लाय टाकत होतो. सुरुवातीला एकदा मागे वळून पाहिले, मागे कोणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि त्यानंतर अर्धा तास माझे डोळे फक्त पाण्यावर होते. त्या अर्ध्या तासात शेवटे या माशांचा थवा शोधत एक मध्यमवयीन पागी, खांद्यावर पाग (हाताने फेकायचे जाळे) घेऊन, अनवाणी पावलांनी माझ्या मागून आला. पाण्याकडे लक्ष असलेल्या माणसाला ती पावले ऐकू येणे शक्य नव्हते. मी दोरी पुढे ओढली तेव्हा ती अडकल्यासारखी वाटली, म्हणून मी आणखी जोर लावला. गळ त्याच्या कानामागच्या मांसात रुतला होता. डोळ्यापासून ते अंतर चार बोटांचे होते. तो ओरडला नाही. दोरी हातात घट्ट धरून, तिला ताण बसणार नाही अशा बेताने तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाब, फाटीं पळोवपाक जाय आशिल्लें." मागे पाहायला हवे होते, एवढेच. गळाला उलटा काटा होता, त्यामुळे तो सहज निघेना. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी जागा बधिर केली, टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढले, काटा कापला आणि मग उरलेला गळ मागे घेतला. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आम्ही परत आलो तेव्हा पाणी उतरले होते. त्या भरतीवर त्याच्या घरचे त्या दिवसाचे नुस्ते (मासळी) अवलंबून होते आणि ती भरती माझ्यामुळे गेली, ही गोष्ट जखमेइतकीच मला लागून राहिली.

माझे सगळे उत्तर त्याच संध्याकाळी ठरले. काठावर बसून गरी सोडणाऱ्याला अंग वळवण्यापुरती जागा पुरते, साधा रॉड डोक्यावरून फेकणाऱ्याला आपल्या रॉडच्या लांबीएवढी मोकळीक लागते, आणि पाग टाकणाऱ्याला दोन्ही हात पसरण्याइतकी. आपल्या पाठीमागची चाळीस-पन्नास फूट जागा वापरणारा या सगळ्यांत फक्त फ्लायवाला असतो, आणि ती जागा त्याची नसते. तिच्यावरून लोक चालतात, मुले धावतात, कोणी सायकल लावतो. जो सर्वांत जास्त जागा मागतो त्यानेच सर्वांत आधी थांबावे, असे माझे ठाम मत आहे. इतरांनी आपल्याला सांभाळून घ्यावे, अशी अपेक्षा फ्लायवाल्याने धरू नये.

इतकी जागा का लागते, हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. साध्या गरवण्यात वजन दोरीच्या टोकाला असते; शिसे किंवा जड आमिष पुढे जाते आणि तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस आणि धागा बांधून केलेले हलके आमिष, आणि ते फेकण्याइतके वजन त्यात नसते. म्हणून वजन दोरीतच भरलेले असते. आपल्या खाड्यांत मी वापरतो त्या 8 नंबरच्या लाइनच्या, म्हणजे या जड दोरीच्या, पहिल्या 30 फुटांचे वजन साधारण साडेतेरा ग्रॅम भरते. ही दोरी पुढे फेकायची तर आधी ती मागे पूर्ण उलगडावी लागते, तरच 9 फुटी रॉड वाकतो आणि तिला पुढे ढकलतो. पुढे जितकी दोरी हवी, जवळजवळ तितकीच मागे जाते, शिवाय टोकाला नऊएक फुटांचा बारीक लीडर (दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा धागा) असतो. गळ सर्वांत शेवटी, दोरीचा वळसा उलगडताना, झटक्याने फिरतो. मागची दोरी पूर्ण उलगडण्याआधीच घाई केली तर चाबकासारखा फटका ऐकू येतो. असा आवाज आला की थांबून टोक तपासावे, कारण फ्लाय तुटून गेलेली असू शकते आणि ती कोठे पडली हे शोधणे आपले काम आहे. ज्या वाटेवर लोक अनवाणी चालतात तेथे गळ टाकून जाता येत नाही.

आता रायबंदरच्या पुलाविषयी, कारण प्रश्न बहुधा तेथेच विचारला जातो. हा पूल 1633-34 मध्ये पोर्तुगीज काळात बांधला गेला. तो सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि आजही त्यावरून वाहने जातात. उत्तरेला मांडवी, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले की पाठीशी थेट रस्ता येतो. तेथे डोक्यावरून मागे दोरी टाकणे म्हणजे दुचाकीवरून जाणाऱ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर गळ नेणे होय. त्यामुळे त्या पुलावर मी मागे दोरी कधीच टाकत नाही, पहाटे रस्ता रिकामा दिसत असतानाही नाही. तेथे मी फक्त रोल कास्ट करतो. यात दोरी मागे हवेत उडवायची नसते. पाण्यावर पडलेली दोरी सावकाश आपल्याकडे ओढून घ्यायची, रॉड खांद्यापर्यंत न्यायचा, दोरीचा सैल झोळ शेजारी लटकू द्यायचा आणि मग रॉड पुढे मारायचा. पाण्याला चिकटून राहिलेल्या दोरीच्या आधाराने उरलेली दोरी पुढे लोळत जाते. अंतर कमी मिळते, तीस-चाळीस फूट, पण चोणक आणि तांबसो हे दगडांच्या, खांबांच्या आडोशाने दबा धरणारे मासे असल्यामुळे मला तेवढे पुरते. रोल कास्टला पाणी जवळ लागते. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो आणि पाणी खाली गेले की उंचावरून हा प्रकार नीट साधत नाही. तेव्हा रॉड मिटवून बसावे. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत हा त्रास कमी असतो.

वाऱ्याचा विचार नवे लोक करत नाहीत, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. रायबंदरला उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या माणसाच्या तो उजव्या अंगावर येतो आणि दोरी त्याच्याच डोक्याकडे ढकलतो. अशा वेळी रॉड डाव्या खांद्यावरून चालवावा. दुपारनंतर समुद्राकडचा पश्चिमेचा वारा सुटतो, तो डावीकडून येतो. तेव्हा स्वतःला धोका राहत नाही, पण दोरी उजवीकडे बसलेल्या शेजाऱ्याकडे जाते, आणि आपल्याला काही होत नाही म्हणून आपण बेफिकीर होतो. प्रवाहाचेही तसेच. ओहोटीला पाण्यावरची सैल दोरी डावीकडे समुद्राच्या दिशेने वाहते आणि त्या बाजूच्या माणसाच्या तंगुसात गुंतते. भरतीला उलट होते. ज्या बाजूला दोरी वाहणार त्या बाजूच्या माणसाला आधी विचारावे आणि तो नको म्हणाला तर दुसरी जागा शोधावी. गुंता झालाच तर आपली दोरी आपण कापावी. त्याचा तंगूस कापू नये.

अंतराचा आकडा मागणाऱ्यांना मी माझा हिशोब सांगतो. जितकी दोरी हवेत असेल तितके फूट, अधिक लीडर, अधिक दहा फूट, इतकी जागा मागे मोकळी दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना वीस-वीस पावले. रविवारी संध्याकाळी ही जागा गोव्यातल्या कोणत्याही ओळखीच्या धक्क्यावर मिळत नाही. त्यामुळे रविवारी मी फ्लाय नेत नाही, आणि नेली तर रोल कास्टपलीकडे जात नाही. जागा असली तरी दर वेळी मागे पाहावे. मान वळवून दोरी मागे उलगडताना पाहण्याची सवय लावली तर टाकणेही सुधारते. दोरी हवेत चार-पाच वेळा झुलवत ठेवण्याचा मोह मात्र मोडलाच पाहिजे: एकदा मागे, एकदा पुढे, आणि पाण्यावर. प्रत्येक जादा फेरीत गळ पुन्हा एकदा लोकांच्या जागेतून जातो.

कोणी मागून येताना दिसले तर दोरी पुढे पाण्यावर पडू द्यावी, रॉडचे टोक खाली करावे आणि तो माणूस पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावे. मुले तर हमखास अगदी मागे येऊन उभी राहतात, कारण तेथूनच गंमत नीट दिसते. त्यांना हाकलू नये. त्यांना माझ्या डाव्या बाजूला, समोर दिसतील असे बसवतो आणि फ्लाय हातात देऊन दाखवतो. मग ती स्वतःच दुसऱ्यांना मागे जाऊ देत नाहीत.

पाग घेऊन कोणी आला, होडी काठाजवळून निघाली, किनाऱ्यावर रांपण (मोठे ओढजाळे) ओढली जात असेल, तर आपली दोरी वर घ्यावी. शेजाऱ्याला मोठा मासा लागला तरीही तेच करावे. मी बहुतेक मासे सोडून देतो, पण माझ्या शेजारी बसलेला माणूस घरच्या हुमणासाठी मासे धरत असतो. त्याची गरज माझ्या छंदाच्या आधी येते, आणि त्याने मासा सोडावा असे त्याला सांगण्याचा मला काही अधिकार नाही.

खाजण जमिनींच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांच्या) मानशींवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, तर परवानगीवाचून उभेच राहू नये. तेथल्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो, त्यासाठी कोणी पैसे मोजलेले असतात. बांध अरुंद असतो आणि मागे शेत किंवा खारफुटी असते. खारफुटीत अडकलेली फ्लाय झटक्याने ओढून तोडली की लीडरचा तुकडा फांद्यांवर लटकत राहतो आणि बगळे, खंड्या त्यात पाय अडकवून घेतात. चिखल तुडवावा लागला तरी जाऊन तो सोडवून आणावा.

साधनांचे थोडक्यात सांगतो. चष्मा आणि रुंद काठाची टोपी घातल्याशिवाय मी आता दोरी उचलत नाही, आणि शिकायला येणाऱ्यालाही उचलू देत नाही. प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करतो. दोरी ताठ ठेवली तर त्यामुळे मासा सुटत नाही, आणि माणसाच्या अंगात गेलेला गळ मात्र आला त्याच वाटेने निघतो. गळ डोळ्यात किंवा डोळ्याजवळ लागला तर तो काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दोरी कापावी, डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला उपडा धरावा आणि 108 ला फोन करून थेट इस्पितळात न्यावे. आणखी एक, हे रॉड कार्बनचे असतात आणि त्यांतून वीज वाहते. बांधांवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली रॉड उभा धरू नये, आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये गडगडाट ऐकू आला की तो खाली ठेवून आडोशाला जावे.

ज्यांना शिकायचे आहे त्यांना मी पहिले काही दिवस पाण्याकडे नेतच नाही. गावातल्या रिकाम्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सुरुवात करतो, आणि मागे पाहायचे राहिले की दोरी गोळा करून पुन्हा पहिल्यापासून टाकायला लावतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी साडेसहाला यावे, चष्मा आणि टोपी घेऊन. रॉड माझ्याकडे आहे.