प्रत्यारोपणाआधीचे महिने

यांना मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे, निदान झाले तेव्हा आमची समजूत अशी होती की मूळ पेशींचे प्रत्यारोपण म्हणजेच उपचार. प्रत्यक्षात त्याआधी कित्येक महिने बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड ही औषधे आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांच्या फेऱ्या घेऊन रक्तातील एम-प्रथिन (या रोगट पेशी तयार करतात ते प्रथिन) शक्य तितके खाली आणावे लागते, आणि खरा कस तिथेच लागतो. धंतोलीत जाऊन पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन घ्यायचे, हा दर आठवड्याचा नेम झाला. डेक्सामेथासोनच्या रात्री यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. मग नागपूरच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, आम्ही पहाटेपर्यंत पत्ते खेळत बसू (हे सारखे जिंकत, त्याचे श्रेयही बहुधा स्टेरॉइडलाच द्यावे लागेल). बोटे बधिर होऊ लागल्यावर शर्टाची बटणे मी लावू लागले, तेव्हा यांची फार चिडचिड होई. ती मी निमूट ऐकून घेतली. नातेवाइकांचे ‘अजून किती दिवस?’ मात्र मला सहन होत नसे.

आता मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणणारी जी-सीएसएफची इंजेक्शने सुरू होतील, यांच्याच रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढून साठवल्या जातील आणि मेल्फालान या केमोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर त्या शिरेवाटे परत दिल्या जातील. मेल्फालान चालू असताना तोंडात बर्फ धरला तर तोंड कमी येते, असे परिचारिकेने सांगितल्यापासून यांनी घरी बर्फ चघळण्याचा सरावच सुरू केला आहे.