१४०३ ची लिस्टिंग स्केलेबल फॉन्टमध्ये: ७.२ पॉइंटांचा हिशेब

हर्क्युलिस एम्युलेटरवरच्या (जुन्या आयबीएम मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) एमव्हीएस ३.८जे या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रिंटआउट आता नुसत्या टेक्स्ट फाइलऐवजी हिरव्या पट्ट्यांच्या पीडीएफमध्ये उतरतंय. पट्टे मागच्या टप्प्यातच जमले होते, अक्षरं तेवढी जागेवर बसत नव्हती. फॉन्टचं ते काम आता मार्गी लागलं.

आधी मोजमाप. १९५९ मध्ये १४०१ संगणकासोबत आलेला आयबीएम १४०३ प्रिंटर इंचाला १० अक्षरं छापतो आणि ओळीत १३२. एका अक्षराला ०.१ इंच, म्हणजे पीडीएफच्या हिशेबात (इंचाला ७२ पॉइंट) ७.२ पॉइंट. इंचाला ६ ओळी धरल्या तर ओळीची उंची १२ पॉइंट, ८ धरल्या तर ९. कागद १४ ७/८ इंच बाय ११ इंच, म्हणजे १०७१ बाय ७९२ पॉइंट. १३२ अक्षरं ९५०.४ पॉइंट खातात, उरलेल्याचे दोन भाग केले की डावा समास ६०.३. हिरवा पट्टा तीन ओळींचा, ३६ पॉइंटांचा. पानावर हिरवे-पांढरे मिळून २२. आपल्याकडची कंटिन्यूअस स्टेशनरी मात्र बहुधा १५ बाय १२ ची. तिचा भास हवा असेल तर पानाची उंची ८६४ पॉइंट, ओळी ७२ आणि पट्टे २४ करा. फक्त पीडीएफचं पान बदलून प्रिंटरची मांडणी ६६ ओळींवरच ठेवली, तर प्रत्येक पानाखाली सहा ओळींची मोकळी जागा उरते.

फॉन्ट निवडताना देखणेपणा नंतर. आधी अक्षराची रुंदी बघायची. कुरियरमध्ये ती एमच्या (एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं माप) बरोबर ०.६ पट असते, म्हणून १२ पॉइंटला नेमके ७.२ मिळतात. आयबीएम प्लेक्स मोनोचंही तसंच. देजावू सान्स मोनोमध्ये एमचे २०४८ एकक, त्यांपैकी अक्षराची रुंदी १२३३. फरक क्षुल्लक वाटतो, पण १२ पॉइंटवर अख्खी ओळ एका दमात लिहिली की १३२ व्या अक्षरापर्यंत ३.२ पॉइंटांची घसरण होते, जवळजवळ अर्धं अक्षर. एकट्या लिस्टिंगमध्ये कळत नाही. छापील चौकटींच्या फॉर्मवर आकडे सरळ रेघेवर चढतात. उपाय सोपा: आकार ११.९५९ ठेवा. लिबरेशन मोनो १२२९ एककांचा आहे, तो १२ वरच चालतो.

पायथनमधून पीडीएफ बनवणारं रिपोर्टलॅब वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ते ट्रूटाइप बाह्यरेषांची फाइल घेतं, पण पोस्टस्क्रिप्ट बाह्यरेषांची ओटीएफ दिली की चक्क नकार देतं. प्लेक्स दोन्ही रूपांत मिळतो, त्यातला टीटीएफ उचला. अंगभूत ‘कुरियर’ वापरू नका. तो पीडीएफमध्ये एम्बेड होत नाही, म्हणजे फॉन्ट फाइलसोबत जात नाही, शिवाय रेघा इतक्या बारीक की हिरव्या पट्ट्यावर अक्षर विरून जातं.

ओळ पट्ट्यात मधोमध बसवायला बेसलाइन (अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेघ) ओळीच्या वरच्या कडेपासून (ओळीची उंची + कॅपिटल अक्षराची उंची) ÷ २ इतकी खाली. १२ पॉइंट कुरियरला हे ९.४ येतं. इंचाला ८ ओळी केल्या की प्लेक्स अडतो: कॅपिटल ८.४ पॉइंट उंच आणि ओळ ९ ची, त्यामुळे अक्षरं एकमेकांना चिकटतात. तिथे आकार १० करून आडवा ताण १२० टक्के द्यायचा. १० × ०.६ × १.२ म्हणजे पुन्हा तेच ७.२. खऱ्या यंत्रात दोन्ही अंतरांना खिळे तेच असत, तेव्हा ही थोडी लबाडीच आहे. पण वाचता येतं.

ओव्हरप्रिंटनं, म्हणजे एकाच ओळीवर दोनदा छापण्यानं, सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. कॅरेज कंट्रोलमध्ये (ओळीच्या सुरुवातीचं, कागद किती सरकवायचा ते सांगणारं अक्षर) अधिकचं चिन्ह आलं की हर्क्युलिस ओळ पुढे न सरकवता फक्त कॅरेज रिटर्न (त्याच ओळीच्या सुरुवातीला परत जाण्याची खूण) लिहितो. टेक्स्ट वाचताना पायथन डीफॉल्टनं त्यालाही ओळीचा शेवट समजतो आणि ठळक मथळे दोनदा, एकाखाली एक छापले जातात. फाइल बायनरी उघडून बाइट मोजत जा. एवढं करूनही मथळा ठळक होत नाही! रिबनवरून दोनदा आपटलं की शाई गडद होते; पीडीएफमध्ये काळ्यावर काळं म्हणजे काळंच. दुसरी फेरी ०.३ पॉइंट उजवीकडे सरकवली की हवा तो परिणाम येतो. ०.५ नंतर अक्षर फुटलेलं दिसतं.

आता कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं अक्षर हे ठरवणारा तक्ता. ०३७ ठेवलं तर सी भाषेच्या लिस्टिंगमध्ये चौकटी कंसांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला वाय आणि दोन टिंबं उमटतात, कारण त्या लिस्टिंगमध्ये कंस हेक्स एडी आणि बीडी वर आहेत, तर ०३७ ते बीए आणि बीबी वर शोधतं. ८१९/१०४७ केलं की कंस सुधारतात, पण पीएल/आय भाषेतलं नकाराचं चिन्ह (हेक्स ५एफ) बाणासारख्या टोपीत बदलतं. ते स्क्रिप्टमध्येच उलटवा. आलेली फाइल लॅटिन-१ म्हणून वाचा. यूटीएफ-८ म्हणून वाचली तर आस्कीबाहेरच्या चिन्हापाशी स्क्रिप्ट कोसळू शकते. खऱ्या एएफपी (आयबीएमची पानं मांडण्याची पद्धत) छपाईत कोडपेज आणि अक्षरसंच मुळातच वेगळे असतात (टी१ आणि सी० ने सुरू होणारी नावं, आउटलाइनसाठी सीझेड) आणि एक्स० चा कोडेड फॉन्ट त्यांची जोडी लावतो. तीच फाळणी स्क्रिप्टमध्ये केल्यापासून फॉन्ट बदलताना चिन्हं बिघडत नाहीत.

किरकोळ: पान रिकामं असताना आलेला फॉर्म फीड (नवं पान घेण्याची खूण) सोडून द्या, नाहीतर प्रत्येक जॉबआधी कोरा कागद. ए४ आडव्यावर ०.७५ पट आकारात पान बसतं, पण प्रिंटरची न छापणारी कड वरची ओळ खाते, ०.७२ ठेवा.

बाकी राहिलंय ते बॅनर पानावरचं (जॉबचं नाव सांगणारं पहिलं पान) देवनागरी. स्क्रिप्ट वर्ण आले तसे ओळीत मांडते, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. तूर्त मथळा इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये बाह्यरेषांत बदलून चित्र म्हणून चिकटवलाय.