उखळ आणि पानफुटी

मिक्सर घरात आल्यापासून सासूबाईंचं दगडी उखळ गच्चीच्या कोपऱ्यात नुसतं पडून होतं. गेल्या उन्हाळ्यात मला त्यात बाग दिसली. नर्सरीतून एचेव्हेरियाची पाच रोपं आणली. निळसर राखाडी, जाडजूड पानांची, दगडात कोरलेल्या कमळासारखी. मूळची मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतली, म्हणजे चिवट असणारच. उखळात माती भरली, वर गोटे पसरले, फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

मग जून आला. उखळ बनवतात ते आतलं सांडू नये म्हणून. पाणी तरी कुठून जाणार? जुलैत एक पान सरळ करायला गेले, तर ते बोटांत साबुदाण्याच्या खिरीसारखं लिबलिबीत झालं. मागोमाग अख्खं रोप सुटून हातात आलं, खाली मुळं नाहीतच. उखळ पांढरं झालं ते फक्त नर्सरीवाल्याचं.

“अगं, तू त्यांना पोहायला शिकवत होतीस का?” सासूबाईंनी विचारलं.

त्याच गच्चीच्या कठड्याबाहेर, पन्हळीशेजारी, विटांच्या फटीत पानफुटी आहे. कुणी लावलेली नाही. मूठभरही माती नसेल तिथे. पण कितीही कोसळलं तरी पाणी भिंतीवरून ओघळून जातं, मुळाशी मुक्काम करत नाही. उभी भिंत म्हणजे तळच नसलेली कुंडी. शाळेत तिचं पान वहीत दाबून ठेवायचो आणि गणिताच्या तासाला कडेच्या खाचांतून पिल्लं फुटलीत का बघायचो. अशा झाडाला नर्सरीत कोण विचारणार?

या पानफुटीची एक गंमत मात्र मला फार उशिरा कळली. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की हिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत चव निघून जाते. त्यानं हे लंडनच्या लिनिअन सोसायटीला कळवलं. 1815 साली ते छापूनही आलं. मीही करून पाहिलं. सकाळी सहाला पानाचा तुकडा चावला, चक्क चुक्यासारखा आंबट. दुपारी दोनला त्याच फांदीचं पान, पांचट, गवत चघळल्यासारखं. (दोन्ही वेळा थुंकून टाकलं. शेजारच्या काकूंनी नेमकं दुसऱ्यांदा पाहिलं.) बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. पानफुटीसारखी मांसल मंडळी उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ती मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसभर दारं बंद करून तो वापरायचा. सकाळचा आंबटपणा म्हणजे रात्रीची शिल्लक.

सह्याद्रीच्या कड्यांवर तर अशा मांसल झाडांची अस्सल रॉकरी, म्हणजे दगडांतली बाग आहे. शिवनेरीची शिवसुमन, म्हणजे शिंदळ माकुडी, अशीच मांसल खोडाची. पावसाळ्यात काळ्या कातळाच्या फटीतून लोंबते आणि पिवळे ठिपके असलेली लालसर, चांदणीसारखी फुलं धरते. अख्ख्या जगात ती फक्त आपल्याच डोंगरांत, आणि तीही मोजक्याच ठिकाणी. तिलाही सह्याद्रीतला पाऊस सोसतो, कारण कड्यावर पाणी थांबतच नाही.

उखळाला भोक पाडायचा विषय मी एकदाच काढला. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. आता त्यात चिमण्यांसाठी पाणी असतं.

एचेव्हेरियाचं एकच पान वाचलं होतं. ते विटांच्या चुऱ्यावर आडवं ठेवून, तळाला तीन भोकं असलेली कुंडी कठड्यावर पत्र्याखाली सरकवली आणि विसरायचं ठरवलं. परवा बघते तर तुटल्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखी मुळं आणि ज्वारीच्या दाण्याएवढं कमळ.

सासूबाई मागे तांब्या घेऊन उभ्याच होत्या. “घोटभर घालू का गं?”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की उखळावरच्या चिमण्या उडाल्या.