यादी माझीच होती

डोकेदुखीच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागून मला बरीच वर्षं झाली, त्यामुळे लोक काय काय घेऊन येतात याचं आता काही वाटत नाही, कोणी एमआरआयच्या जुन्या पिशव्या आणतं, कोणी मोबाईलमध्ये सेव्ह केलेले पंचवीस व्हिडिओ. पण त्या दिवशी त्या बाईंनी पर्समधून जो कागद काढून टेबलावर ठेवला तो बघून माझ्या पोटात गोळाच आला. व्यवस्थित लॅमिनेट केलेला कागद, वर ठळक अक्षरात 'मायग्रेन असलेल्यांनी टाळायचे पदार्थ', खाली चौदा नावं, चीज, चॉकलेट, रेड वाइन, कॉफी, केळं, लिंबूवर्गीय फळं वगैरे वगैरे, आणि उजव्या कोपऱ्यात माझी सही.

तीन वर्षांपूर्वी मीच दिलेली. तेव्हा मी सगळ्यांनाच द्यायचे ती, झेरॉक्सचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये तयार असायचा, पाच मिनिटांत पेशंट मोकळा आणि मीही मोकळी.

बाई अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या, त्यामुळे त्या कागदाचं त्यांनी जे केलं होतं ते अकाउंट्सवाल्यालाच जमेल. मार्करने खाली भर घालत घालत चौदाचे एकतीस केले होते. 'हिरवी द्राक्षं बंद, काळी?' 'टोमॅटो, शिजवलेला चालतो बहुतेक.' 'कांदा, ऑफिसच्या दिवशी नको.' वजन सात किलो उतरलं होतं, कोणाकडे जेवायला जाणं बंद झालं होतं, आणि डोकं? यादी मिळाली तेव्हा महिन्यातले सहा दिवस दुखायचं, आता अकरा.

"म्हणजे मी अजून काहीतरी खातेय मॅडम जे मला कळत नाहीये, तेवढं तुम्ही शोधून द्या."

खरं सांगते, मला काय बोलावं तेच सुचेना. मी त्यांची डायरी चाळायला घेतली. तारीख, काय खाल्लं, डोकं दुखलं की नाही. तीन कॉलम, तीन वर्षं, एकही दिवस गाळलेला नाही.

बोलताना त्या सारख्या जांभया देत होत्या. पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं माझ्याच बोलण्याचा परिणाम असेल, चौथीनंतर मी मोजायलाच लागले. "सॉरी हं, झोप झालीये खरंतर माझी." मग मानेवर हात, मान डावीकडे-उजवीकडे, मग "तो ट्यूबलाइट बंद केला तर चालेल का", मग वॉशरूम, वीस मिनिटांनी परत वॉशरूम. मध्येच माझ्यावर जरा चिडल्या पण, मी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणून, आणि लगेच माफी मागितली. आणि मग, साधारण पावणेपाचला, पर्समधून एक चॉकलेट काढलं.

"दोन महिने हात नाही लावला याला. आज सकाळपासून नुसतं डोक्यात फिरतंय. आता खाणार, आणि रात्री भोगणार, लिहून घ्या तुम्ही."

मला एकदम क्लिक झालं. म्हणलं खाऊ नका, ते माझ्याकडे द्या. त्या बघतच राहिल्या. मी डायरीत त्या तारखेपुढे माझ्या अक्षरात लिहिलं, 'दुपारी ४ पासून जांभया (९), मान आखडली, उजेड नको, चिडचिड, दोनदा वॉशरूम. चॉकलेट खावंसं वाटतंय, खाल्लेलं नाही.' आणि सांगितलं की मला वाटतंय आज रात्री किंवा उद्या तुमचं डोकं दुखणार आहे, डॉक्टरांनी दिलेली गोळी जवळ ठेवा, आणि दुखायला लागलं तर फक्त वेळ मेसेज करा. चॉकलेट ड्रॉवरमध्ये टाकलं, जिथे पूर्वी त्या याद्यांचा गठ्ठा असायचा तिथेच.

रात्री मेसेज आला. '९.३५. डावी बाजू. तुम्ही ज्योतिषी आहात का?'

ज्योतिष कसलं. मायग्रेनमध्ये डोकं दुखायला लागतं त्याच्या आधीच बऱ्याच जणांचा अटॅक सुरू झालेला असतो, काही तास आधी, कधीकधी दोन दिवस आधी सुद्धा. जांभया, मान, लघवीला जास्त जाणं, मूड, आणि एखादी गोष्ट खायची जबरदस्त इच्छा, बऱ्याचदा गोडाची. भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस त्या वेळेस जास्त ॲक्टिव्ह झालेला स्कॅनमध्ये दिसलेला आहे. आता माणूस काय करतो, इच्छा झाली म्हणून चॉकलेट खातो, चार तासांनी डोकं दुखतं, आणि दोष चॉकलेटवर. खरंतर आग आधीच लागलेली असते, चॉकलेट नंतर आलेलं असतं. १९९७ साली ६३ बायकांवर एक प्रयोग छापून आला होता, काही वेळा खरं चॉकलेट आणि काही वेळा त्याच्यासारखंच लागणारं कॅरोब, कोणाला काय दिलंय ते खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही, आणि चॉकलेटने डोकं जास्त दुखलं असं काही निघालं नाही. हे मी वाचलेलं होतं. वाचूनही काही दिवस गठ्ठा वाटत होतेच, कारण तो तयार होता.

चीजचीही तशीच गोष्ट आहे. १९६० च्या दशकात डिप्रेशनची एका प्रकारची औषधं घेणाऱ्यांना जुनं मुरलेलं चीज खाल्लं की ब्लडप्रेशर भसकन वाढून भयंकर डोकं दुखायचं, कारण चीजमधलं टायरामिन नावाचं द्रव्य त्या औषधांमुळे शरीरात मोडलं जात नव्हतं, आणि तिथून टायरामिनचं नाव मायग्रेनच्या याद्यांमध्ये येऊन बसलं ते बसलंच. म्हणजे पदार्थांचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये हां. दारूने दोन-तीन तासांत अटॅक येणारे पेशंट मी स्वतः बघितलेत, आणि कॉफी तर दोन्ही बाजूंनी मारते, जास्त झाली तरी आणि रोजची अचानक बंद केली तरी.

पुढच्या वेळेस त्या आल्या तेव्हा दीड तास घेऊन आम्ही डायरी उलटी वाचली, म्हणजे दुखलेल्या दिवसापासून मागे मागे. काय खाल्लं ते सोडून द्या, किती वाजता खाल्लं ते सांगा म्हणलं. आधी त्यांना आठवेना, मग ऑफिसच्या मीटिंगांवरून, फोनमधल्या कॉल्सवरून एकेक वेळ जुळवत गेलो, आणि जे निघालं ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली. महिनाअखेरीला क्लोजिंग असतं, कॅन्टीनमध्ये जे काही असेल त्यात यादीतलं काहीतरी असतंच, टोमॅटो तरी नाहीतर कांदा तरी, मग बाई काहीच खायच्या नाहीत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पोटात फक्त पाणी. अकरा दिवसांतले पाच दिवस हे असे होते.

उपाशी राहणं हा मायग्रेनचा अगदी नामांकित ट्रिगर, म्हणजे अटॅक सुरू करणारी गोष्ट. २००७ साली १,२०७ पेशंटची एक मोठी पाहणी छापून आली होती, त्यात ट्रिगर सांगणाऱ्यांपैकी जवळपास ८० टक्क्यांनी ताण सांगितला, ५७ टक्क्यांनी जेवण चुकणं, ५० टक्क्यांच्या आसपास झोपेची गडबड, आणि खाण्याचे पदार्थ २७ टक्क्यांनी. म्हणजे सत्तावीसवाली गोष्ट टाळण्यासाठी मी या बाईला सत्तावन्नवाल्या गोष्टीत ढकललं होतं, आणि वर सही पण केली होती.

बाकीचं त्यामानाने सरळ होतं. रविवारचे अटॅक, तिथे तीन तास उशिरा उठणं, त्यामुळे कॉफी उशिरा, नाश्ता नाहीच, आणि आठवड्याचा ताण एकदम उतरलेला. (कॉफी त्यांनी यादीत असूनही सोडली नव्हती, "एवढं तरी असू द्या की मॅडम.") दोन अटॅक पाळीच्या आदल्या दिवसांतले, त्याला आम्ही हात नाही लावला, ते डॉक्टरांकडे. गोळ्यांचं मात्र मी मोजून डॉक्टरांना दाखवलं, कारण बाई कॉम्बिनेशनवाल्या, म्हणजे एकाच गोळीत एकापेक्षा जास्त औषधं असलेल्या पेनकिलर महिन्यातले बारा-तेरा दिवस घेत होत्या, दुखेल या भीतीने आधीच एखादी घेतलेली धरून, आणि दहा दिवसांच्या वर तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. त्यावर डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पहिले दोन आठवडे बाईंचे फार वाईट गेले, एकदा फोनवर रडल्या पण.

लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही हे मला त्या दिवशी कळलं, मी प्रयत्न केला. शेवटी कात्रीने कापला. त्याऐवजी त्यांना दोन कॉलम वाढवून दिले, 'किती वाजता' आणि 'त्याआधी काय वाटत होतं', आणि न दुखलेल्या दिवशी पण तेवढंच नीट लिहायचं, कारण दुखलेल्या दिवसाचं केळं सगळ्यांना आठवतं, बाकीच्या वीस दिवसांची केळी कोणी मोजत नाही. पदार्थ एकेक करून परत आणायचा, चांगल्या दिवशी, भरल्या पोटी. टोमॅटो, काही नाही. कांदा, काही नाही. द्राक्षं दोन्ही रंगांची, काही नाही. पॅकेटमधलं टिकवलेलं मांस चारपैकी तीन वेळा लागलं, ते त्यांनी स्वतःहून सोडलं.

सहा महिन्यांनी अकराचे पाच झाले. पाच आहेत अजून, शून्य नाहीत. पाळीचे दोन तसेच आहेत आणि हवा बदलली की एखादा येतोच.

परवा फॉलोअपला आल्या तेव्हा मी काहीतरी शोधायला ड्रॉवर उघडला तर ते चॉकलेट तिथेच. पांढुरकं पडलेलं. दोघी हसलो. त्यांनी घड्याळ बघितलं, डायरी काढली, लिहिलं, '४.१०. जेवण दीडला झालंय. जांभई नाही.' आणि माझ्यासमोर अर्धं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, 'डोकं ठीक. चॉकलेट मात्र भिकार होतं.'