टेंटरफील्ड: दोन रात्री राहण्याचं गाव

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून दक्षिणेला निघालं की आधी वॉरिक लागतं, मग सफरचंदांच्या आणि द्राक्षांच्या बागांचं स्टॅनथॉर्प, आणि पुढे क्वीन्सलँड राज्याच्या सीमेवरचं वॉलनगॅरा. तिथून न्यू साउथ वेल्समध्ये शिरलं की वीसेक किलोमीटरवर टेंटरफील्ड. एकूण अंतर पावणेतीनशे किलोमीटर. या रस्त्याने मी चार-पाच वेळा गेले होते आणि दर वेळी टेंटरफील्डला पेट्रोल भरून पुढे निघाले होते. या ऑक्टोबरात बाबा मिरजेहून आले होते, आणि तिथे मुक्काम झाला तो त्यांच्यामुळे.

त्याचं मूळ वॉलनगॅराच्या स्टेशनात आहे. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. जुनं स्टेशन दिसल्यावर गाडी थांबवणं भागच होतं. स्टेशन एकच, पण फलाटाच्या दोन बाजूंची छपरं दोन तऱ्हांची. बाबा दोन्ही बाजूंना जाऊन रूळ बघून आले आणि म्हणाले, "अगं, ही तर मिरज आहे!"

त्यांचं खरंच होतं. क्वीन्सलँडची अरुंद गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,०६७ मिलिमीटर, न्यू साउथ वेल्सची १,४३५. १८८८ साली दोन्ही रेल्वे इथे येऊन भिडल्या, पण जोडल्या गेल्या नाहीत. सिडनीची गाडी या बाजूला थांबायची, ब्रिस्बेनची त्या बाजूला; माणसांनी उतरायचं, सामान उतरवायचं, फलाट ओलांडून दुसऱ्या गाडीत बसायचं. मिरजेला मीटरगेज, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज यांचा मेळ घालण्यात बाबांची पिढी दमली होती. बाबांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सीमा ओलांडताच फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं. ऑक्टोबरपासून, इथल्या उन्हाळ्यासाठी, न्यू साउथ वेल्स घड्याळ पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे अजून सगळं जुळलेलं नाही तर."

टेंटरफील्डला पोचल्यावर ते म्हणाले, "आज पुढे नको जाऊया." आम्ही राहिलो.

गाव जेमतेम चार हजार वस्तीचं, समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे मीटर उंचीवर. मुख्य रस्ता म्हणजेच न्यू इंग्लंड हायवे, त्यामुळे दिवसरात्र मोठे ट्रक धडधडत जातात. त्याच रस्त्यावर स्कूल ऑफ आर्ट्स या सभागृहाची जुनी इमारत आहे. २४ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यू साउथ वेल्स या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, सर हेन्री पार्क्स यांनी इथे एका मेजवानीत भाषण केलं. सगळ्या वसाहतींनी एकत्र येऊन एक राष्ट्रीय सरकार स्थापावं, अशी जाहीर हाक त्यांनी इथून दिली. ऑस्ट्रेलियाचा संघ १ जानेवारी १९०१ ला प्रत्यक्षात आला. पार्क्स १८९६ मध्येच वारले होते.

हे मी शाळकरी माहितीसारखं वाचलं असतं तर विसरून गेले असते. पण त्याच दिवशी वॉलनगॅरा पाहिलेलं होतं. पार्क्स ब्रिस्बेनहून रेल्वेने परतत होते. हॉक्सबरी नदीवरचा पूल त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाला होता, म्हणजे सिडनी ते ब्रिस्बेन हा लोहमार्ग नुकता पुरा झालेला. आणि तरीही वाटेत गाडी बदलावी लागत होती! वसाहतींच्या फौजांची पाहणी करणाऱ्या मेजर जनरल एडवर्ड्स यांनी त्याच वर्षी अहवाल दिला होता, त्यात एकत्रित फौजेबरोबर सगळीकडे एकच गेज असावी अशीही शिफारस होती. पार्क्स यांनी भाषणात त्या अहवालाचा आधार घेतला. बाबा स्कूल ऑफ आर्ट्सच्या संग्रहालयातल्या फलकांपुढे बराच वेळ उभे होते. तिथल्या स्वयंसेवक आजींना त्यांनी मोडक्या इंग्रजीत मिरजेच्या तीन गेज समजावल्या. आजींनी एका कागदावर त्या लिहून घेतल्या.

गावचं रेल्वे स्टेशन १८८६ चं आहे. आता तिथे रेल्वे संग्रहालय आहे आणि गाडी एकही येत नाही. गाड्या कमी होण्याची सुरुवात १९३० मध्ये झाली, जेव्हा किनाऱ्याजवळून ब्रिस्बेनपर्यंत सलग १,४३५ ची लाइन झाली. एक देश, एक गेज ही मागणी सिडनी-ब्रिस्बेनपुरती पुरी झाली आणि वाहतूक या गावाला सोडून किनाऱ्याकडे वळली. ज्या गावातून जोडण्याची हाक गेली, तेच गाव जोडणीत बाजूला पडलं. मला हे फार लागलं.

गावात पाहण्यासारखं आणखीही आहे. हाय स्ट्रीटवर जाड ग्रॅनाइटच्या भिंतींचं खोगीरवाल्याचं दुकान आहे. इथेच जन्मलेला गायक पीटर ॲलन याने आपल्या आजोबांवर 'टेंटरफील्ड सॅडलर' हे गाणं केलं, ते आजोबा या दुकानात बसत. ऑस्ट्रेलियात बहुतेकांना गाव माहीत आहे ते या गाण्यामुळे. आम्ही गेलो तेव्हा दुकान बंद होतं, म्हणून बाहेरूनच पाहिलं. पुढे एक भलंमोठं कॉर्क ओकचं (ज्याच्या सालीची बाटल्यांची बुचं करतात त्याचं) झाड आहे, १८६१ मध्ये लावलेलं सांगतात. त्याच्या सालीला हात लावलात तर बोट आत दबल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच माउंट लिंड्से रोडने बॉल्ड रॉकला निघालो. वाटेत कॅप्टन थंडरबोल्टची लपण्याची जागा आहे. खरं नाव फ्रेडरिक वॉर्ड. १८६३ मध्ये सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या तुरुंगातून निसटलेला दरोडेखोर, १८७० मध्ये उराला गावाजवळ मारला गेला. प्रचंड दगडांची एकमेकांवर रचलेली वळचण आहे ती. पाच मिनिटं थांबलात तरी पुरे.

बॉल्ड रॉकला मात्र पुरा अर्धा दिवस ठेवा. साडेसातशे मीटर लांब, पाचशे रुंद, झाडीतून दोनशे मीटर वर आलेला एकसंध ग्रॅनाइट. माथा समुद्रसपाटीपासून १,२७७ मीटरवर. आम्ही सह्याद्रीतली माणसं. आपला दगड काळा, लाव्ह्याच्या थरांचा, कड्यांचा आणि टप्प्यांचा. चढायला खोबण्या नाहीतर पायऱ्या मिळतात. इथे असलं काहीही नाही. करडा-गुलाबी, खरखरीत, उतरता पृष्ठभाग आणि त्यावर रंगवलेले पांढरे ठिपके. एका ठिपक्यावरून पुढचा शोधायचा. बुटाचा तळ पूर्ण टेकवला की दगड धरून ठेवतो. ओला असेल तर अजिबात चढू नका. सत्तरीचे बाबा अर्थातच बुंगूना वाटेने गेले, ती लांब पण सौम्य आहे आणि मोठमोठ्या शिळांमधून फिरत वर येते. माझ्या मते वर जाताना ठिपके आणि उतरताना बुंगूना, हेच उत्तम.

वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हा दगड जमिनीखाली खोल द्रवरूपात होता. तो सावकाश गार झाला, वरची माती-खडक झिजून गेले, भार उतरला आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले. माथ्यावर ते पापुद्रे नजरेला दिसतात. एका बाजूला न्यू साउथ वेल्स, दुसऱ्या बाजूला क्वीन्सलँड, आणि मध्ये जंगलाची सलग लाट. सीमा कुठे आहे ते वरून ओळखू येत नाही. जुकंबल, बंजालुंग आणि कामिलारॉय या आदिवासी समाजांना ही जागा तटस्थ होती. दुसऱ्याच्या प्रदेशातून न जाता इथे भेटता यायचं, देवघेव करता यायची. १८८९ च्या भाषणाच्या कितीतरी आधीपासून लोक इथे जमत आले आहेत, हे त्या दगडावर बसून मला पहिल्यांदा उमगलं.

दुपारी बूनू बूनू राष्ट्रीय उद्यान. स्थानिक लोक उच्चार 'बन्ना बनू' असा काहीसा करतात. नदी आधी सपाट कातळावरून निवांत वाहते, कुंडं करते, आणि मग एकदम २१० मीटर खाली दरीत. शेवटचा रस्ता मातीचा आहे, सावकाश चालवा. पलीकडे क्वीन्सलँडच्या हद्दीतलं गिरावीन, नावाचा अर्थ फुलांची जागा. ऑक्टोबरात ते नाव खरं असतं: कातळाच्या भेगाभेगांतून पिवळी, जांभळी, पांढरी फुलं. वॉम्बॅट हे बिळात राहणारे प्राणी या भागात आहेत. आम्हाला फक्त त्यांची बिळं दिसली. काही ठिकाणी युकॅलिप्टसची खोडं अजून काळी होती आणि त्या काळ्या सालीतूनच पालवी फुटलेली. २०१९ चा दुष्काळ आणि वणवे या भागाने फार सोसले. गावाचं धरण आटत आलं होतं आणि लोक कित्येक आठवडे नळाचं पाणी उकळून पीत होते.

संध्याकाळी मोटेलच्या मालकीणबाई बोलत बसल्या. त्यांचे बहुतेक पाहुणे सिडनी-ब्रिस्बेन प्रवासातले. सहाला येतात, सकाळी सातला निघतात. दगडावर जाणारे आणखी वेगळे, ते क्वीन्सलँडमधून सकाळी येतात, चढतात आणि जेवणाचा डबा गाडीतच उघडून परत जातात. उद्यानं माणसांनी भरतात आणि गावातली खाणावळ रिकामी.

या गावाचा प्रचार गाव एकीकडे आणि जंगल दुसरीकडे असा होतो, हे मला चुकीचं वाटतं. माहितीपत्रकात इतिहासाचं पान वेगळं, उद्यानांचं वेगळं. वॉलनगॅराचा फलाट, पार्क्सचं सभागृह आणि बॉल्ड रॉकचा माथा या क्रमाने कुणी मला आधी नेलं असतं, तर मी चार-पाच वेळा पेट्रोल भरून पुढे गेले नसते. ही तिन्ही ठिकाणं एकाच सीमेची गोष्ट सांगतात. एका दिवसात ती होत नाही, आणि गावाला हवी आहे तीही दुसरी रात्रच. दुसऱ्या रात्रीच माणूस गावात जेवतो, बेकरीत दोनदा जातो, संग्रहालयाचं तिकीट काढतो. त्यासाठी बॉल्ड रॉकवर कठडे किंवा पायऱ्या नकोत. गावातल्या माणसांना वाटाड्या म्हणून काम द्यावं, सकाळी दगड आणि दुपारी सभागृह अशी फेरी आखावी. ट्रकसाठी गावाबाहेरून रस्ता काढायची चर्चा जुनी आहे. तो झाला की मुख्य रस्ता शांत होईल, पण तेव्हा न थांबणारे नुसते वळसा घालून जातील. रेल्वेच्या वेळी जे झालं ते पुन्हा व्हायला नको.

निघायच्या सकाळी गारठा होता. बाबा मोटेलच्या अंगणात मालकीणबाईंना नकाशावर बोट ठेवून काही विचारत होते. आमचं बास्केट स्वॉम्प हे राष्ट्रीय उद्यान राहिलं होतं. "एप्रिलमध्ये इथली पानं लाल होतात म्हणे," ते मला म्हणाले, "मी तिकीट पुढे ढकलतो. तू खोली सांगून ठेव. तीन रात्री."