बुकमार्कच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, हल्ली वाचतंय कोण? बुकमार्क कसले छापता, इन्स्टावर या." मी घरचं मेतकूट, भाजणी विकते आणि पाकिटासोबत स्वतः छापून घेतलेला एक बुकमार्क देते. बडोद्याच्या दांडिया बाजारातून घरी येईपर्यंत हे कोणीतरी ऐकवतंच. मेतकूट घ्यायला येणारे तर पाकीट उघडायच्या आधी तो कागद उलटसुलट करून विचारतात.

पूर्वी मी ऐटीत सांगायचे, हे सयाजीरावांचं बडोदं आहे. १९१० साली महाराजांनी ग्रंथालयं उभी करायला अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणलं, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. इथे वाचणाऱ्यांचा काय तोटा! पण महाराजांच्या पुण्याईवर माझी भाजणी खपत नाही, हे मलाही कळतं.

खरं कारण साधं आहे. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, घटक, वजन, तारीख, हिरवा ठिपका हे सगळं घालावंच लागतं. मग माझं म्हणून चार शब्द लिहायला जागा कुठे उरते? बारा बाय अठराच्या एका शीटमध्ये दोन बाय साडेपाच इंचाचे पंधरा बुकमार्क बसतात. व्हिजिटिंग कार्डापेक्षा महाग पडतात, मान्य.

आणि वाचनालयात हल्ली का दिसत नाही म्हणाल, तर तेही एकदाचं सांगून टाकते. मी जिथली जुनी सभासद, तिथे एका संध्याकाळी काउंटरवरच्या बाईंनी रबर लावलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तुमचा माल. परत आलेल्या पुस्तकांतून निघतो. ही जाहिरातीची जागा नाही." मागे रांग होती, त्यात माझी दोन गिऱ्हाइकं. मी एकाही पुस्तकात बुकमार्क घातला नव्हता, घालणारे वाचक होते. हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तोंडातून शब्द फुटला नाही. गठ्ठा पिशवीत टाकला आणि पुस्तक न बदलताच निघाले.

घरी येऊन कचऱ्यात टाकायचा म्हणून रबर काढलं. मागच्या बाजूला मी भावांची यादी छापली होती. त्या यादीवरच कोणी दुधाचा हिशेब मांडलेला, कोणी मुंबईच्या गाडीची वेळ टिपलेली. एकावर हळदीचा अंगठा. आणि एकावर, थालीपीठ भाजणीच्या भावावर आडवं, ठसठशीत: "पान ११२ – साफ खोटं!" कोणत्या पुस्तकाचं, देव जाणे. तो मी अजून ठेवलाय.

तेव्हापासून मागची बाजू कोरी. छापखान्यात म्हणाले, निदान पुढून तरी लॅमिनेशन करा. केलं, तर एका बाजूच्या प्लॅस्टिकने अख्खी चळत केळीच्या सालीसारखी वळली. आता लॅमिनेशनच नाही. डाग पडतात, पडू देत.

भाचा म्हणतो, मावशी, बुकमार्क बघून फोन केलेलं एक गिऱ्हाईक दाखव. नाही दाखवता येत. ऑर्डरी येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, बहुतेक जावेच्या भिशीतून. आधीची मी म्हणायची, दोन्ही बाजूंना फोन नंबर हवाच. तिचं चुकत होतं असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या काउंटरवर मी अजून जात नाही, पुस्तकं मुलगा बदलून आणतो.

दिवाळीची छपाई तोंडावर आली आहे. भाच्याला मागे क्यूआर कोड हवाय. कोपऱ्यात अर्धा-पाऊण इंच देईन म्हटलंय, यादी मात्र नाही. तो अजून घासाघीस करतोय.